शंभर वर्षांच्या लाकडी घराच्या भिंतीत इन्सुलेशन भरायचंय? आधी भिंत समजून घ्या

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या बॉस्टन, वूस्टर, प्रॉव्हिडन्स या पट्ट्यात घर शोधायला निघालं की बजेटमध्ये बसणारं आणि त्यातल्या त्यात बरी शाळा असलेल्या भागातलं घर बहुतेक वेळा १९२०-३० च्या सुमाराचं निघतं, कधी कधी तर १८९० चंसुद्धा. लाकडी जिना, उंच खिडक्या, भरभक्कम दारं, माणूस बघता बघता प्रेमात पडतो, आणि मग पहिल्या जानेवारीत कळतं की थर्मोस्टॅट ७० फॅरनहाइटवर आहे, बॉयलर धडधडतोय, ऑइलचं बिल छातीत धडकी भरवतंय, तरी बाहेरच्या भिंतीला लावलेल्या सोफ्यावर बसलं की पाठ गार पडते. कॉन्ट्रॅक्टर येतो, भिंतीवर टकटक करतो, "आत काहीच नाहीये, सगळं पोकळ" असं सांगतो आणि ती पोकळी इन्सुलेशनने, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या मालाने, भरायचं कोटेशन देऊन जातो. इथे घाई करू नका असं माझं अगदी स्पष्ट मत आहे. इन्सुलेशन भरायला नको असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट भरायलाच हवं, पण हे काम एकदा केलं की परत काढता येत नाही, आणि शंभर वर्षं उभी असलेली भिंत नुसती नशिबाने टिकलेली नसते, ज्या कारणाने ती टिकली नेमकं तेच कारण आपण या कामात बदलत असतो.

आपण वाढलो विटांच्या घरात, तिथे भिंत म्हणजे एक सलग जाड गोष्ट. इथली लाकडी भिंत म्हणजे थर आणि मध्ये पोकळी. उभे लाकडी खांब असतात, त्यांना स्टड म्हणतात, साधारण दर १६ इंचांवर एक. त्यांच्यावर बाहेरून फळ्या ठोकलेल्या असतात, तो शीदिंगचा थर, आणि त्यावर साइडिंग म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या रंगवलेल्या फळ्या किंवा शिंगल्स म्हणजे कौलांसारखे एकावर एक ठोकलेले चपटे तुकडे. आतल्या बाजूला बारीक लाकडी पट्ट्या थोडी थोडी फट सोडून ठोकायच्या आणि त्यावर प्लास्टर ओढायचं, ओलं प्लास्टर त्या फटींमधून मागे उतरतं, वाळतं आणि तीच त्याची पकड होते. स्टडच्या मधली साडेतीन ते चार इंच खोल जागा बहुतेक जुन्या घरांत रिकामी असते. क्वचित काही निघतं, वर्तमानपत्राची रद्दी, विटांचे तुकडे, आणि बॉस्टनच्या आसपास तर समुद्री गवतसुद्धा, कारण इथल्याच सॅम्युएल कॅबट यांच्या कंपनीने १८९० च्या दशकात जाड कागदाच्या दोन थरांमध्ये वाळलेलं समुद्री गवत शिवून 'कॅबट्स क्विल्ट' नावाने विकायला काढलं होतं. म्हणजे थंडीचा प्रश्न तेव्हाच्या लोकांनाही छळतच होता.

आता उष्णता जाते कशी ते बघू. गोधडी ऊब देते ती कापडामुळे नाही, थरांमध्ये अडकून बसलेल्या हवेमुळे. इन्सुलेशनचं सगळं गणित हेच, हवा अडकवून ठेवायची आणि तिला हलू द्यायचं नाही. रिकाम्या भिंतीतली हवा मोकळी असते, आतल्या प्लास्टरजवळ गरम होऊन वर जाते, बाहेरच्या फळ्यांजवळ गार होऊन खाली येते, आणि अशी गोल गोल फिरत उष्णता बाहेर पोचवत राहते. म्हणून चार इंच "हवेचा थर" आहे म्हणजे आपोआप इन्सुलेशन झालं असं नसतं.

किती अडवतंय हे मोजायचं माप म्हणजे आर-व्हॅल्यू, आकडा जितका मोठा तितकी उष्णता हळू जाणार. नरम लाकडाची इंचाला सव्वाच्या आसपास, विटेची जेमतेम ०.२, आणि सेल्युलोज नावाचं जे कागदापासून केलेलं इन्सुलेशन असतं त्याची साधारण साडेतीन. जुनी रिकामी भिंत, म्हणजे साइडिंग, शीदिंग, पोकळी, प्लास्टर सगळं मिळून, आर-४ च्या आसपास येते. पोकळी नीट भरली तर पूर्ण भिंतीचा हिशोब, म्हणजे मधल्या लाकडी स्टडमधून जाणारी उष्णता धरून, साधारण आर-१२ होतो. कागदावर मांडून बघा, बाहेरच्या भिंती खिडक्या सोडून १,५०० चौरस फूट, आत ७०, बाहेर ३० फॅरनहाइट, फरक ४०. क्षेत्रफळ गुणिले फरक भागिले आर. आधी तासाला १५,००० बीटीयू (हे उष्णता मोजायचं एकक) जात होते, भरल्यावर ५,०००. म्हणजे भिंतीतून होणारी गळती एक तृतीयांशावर आली. आता कोणी म्हणालं की अजून दुप्पट करा, आर-२४ करा, तर काय होईल, अडीच हजार होतील, म्हणजे पहिल्या फटक्यात दहा हजार वाचले आणि पुढच्या, बहुधा जास्त महागड्या फटक्यात फक्त अडीच हजार. म्हणून मी कायम सांगते की जुन्या घराच्या भिंतीत रिकामी पोकळी नीट, एकही कोपरा न सोडता भरणं हे सगळ्यात मोलाचं काम आहे, आर-व्हॅल्यूच्या मोठमोठ्या आकड्यांमागे धावायचं कारण नाही.

बिलापेक्षा मला पटलेलं कारण मात्र वेगळंच आहे. बाहेर १० फॅरनहाइट असताना, म्हणजे उणे १२ सेल्सियस, रिकाम्या भिंतीचा आतला पृष्ठभाग ६० फॅरनहाइटच्या आसपास असतो, खोलीतली हवा ७० असली तरी. आपलं अंग त्या गार भिंतीकडे उष्णता फेकत राहतं आणि आपल्याला गारठा जाणवतो, मग आपण थर्मोस्टॅट ७३-७४ करतो. भिंत भरली की तोच पृष्ठभाग ६६-६७ वर जातो आणि ६८ वर ठेवूनसुद्धा बरं वाटतं. घरात तान्हं बाळ असेल किंवा भारतातून आई-बाबा आलेले असतील तर हा फरक किती मोठा आहे हे वेगळं सांगायला नको. शिवाय कपाटामागे, खोलीच्या कोपऱ्यात जे काळे ठिपके दिसतात ती बुरशी, ती पण या गार पृष्ठभागामुळेच धरते, कारण तिथे हवा खेळत नाही आणि भिंत सगळ्यात गार असते.

उष्णतेचा दुसरा मोठा चोर म्हणजे वाहती हवा. गरम हवा वर जाते, ॲटिकमधल्या, म्हणजे छपराखालच्या माळ्यातल्या, फटींतून, दिव्यांच्या भोकांतून, चिमणीच्या बाजूने बाहेर पडते, आणि तिची जागा घ्यायला खाली बेसमेंटमधून गार हवा आत ओढली जाते, अख्खं घर असं दिवसरात्र हवा खेचत असतं. म्हणून कोणीही जाणकार माणूस भिंतीच्या आधी ॲटिक करायला सांगेल, आणि नुसतं वरून इन्सुलेशन पसरायचं नाही, आधी फटी बुजवायच्या, मग पसरायचं. त्यानंतर बेसमेंटमध्ये जिथे घराचं लाकूड दगडी पायावर टेकतं ती कडा. मग भिंती. घर किती गळतंय हे मोजायची एक टेस्ट आहे, ब्लोअर डोअर, पुढच्या दारात कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात, घरातली हवा बाहेर खेचून ५० पास्कलचा दाबाचा फरक तयार करतात आणि तेवढा फरक टिकवायला किती हवा खेचावी लागते ते मोजतात. टेस्ट चालू असताना घरभर फिरून हात लावून बघा, प्लगच्या भोकातून, खिडकीच्या चौकटीतून वारा हाताला लागतो. काम करायच्या आधी एकदा आणि झाल्यावर एकदा ही टेस्ट करून घ्याच, दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमच्या पैशाचं काय झालं त्याची पावती.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. जुनी भिंत शंभर वर्षं टिकली कारण ती गळकी होती. खिडकीच्या खालून थोडं पाणी शिरलं, साइडिंगच्या फटीतून वाऱ्यासोबत पाऊस आत आला, स्वयंपाकघरातली वाफ भिंतीत गेली, तरी काही बिघडत नव्हतं, कारण आतून फुकट जाणारी उष्णता त्या फळ्यांना गरम ठेवत होती आणि पोकळीतली खेळती हवा त्यांना वाळवत होती. तुमच्या ऑइलच्या पैशाने भिंत सुकत होती असं म्हणा हवं तर. पोकळी भरली की हे दोन्ही थांबतं. शीदिंगच्या फळ्या आता बाहेरच्या थंडीत राहतात, आणि शिरलेलं पाणी आधी चार दिवसांत वाळायचं ते आता चार आठवडे बसून राहू शकतं. लाकूड कुजतं ते पाणी लागल्यामुळे नाही, पाणी लागून वाळायला न मिळाल्यामुळे. त्यामुळे भिंत भरायच्या आधी पाणी शोधायचं. छपराची पन्हळ तुंबून पाणी भिंतीवरून ओघळतंय का, खिडकीच्या वरच्या कडेला पत्र्याची पट्टी आहे का, साइडिंगचा खालचा काठ मातीला टेकलाय का, कुठे एकाच जागी परत परत रंगाचे पापुद्रे निघतायत का. ही शेवटची खूण फार बोलकी असते, रंगवून झाकू नका, तिच्या मागे जा.

दुसरं पाणी आतून येतं, वाफेच्या रूपात. आत ७० तापमान आणि ४० टक्के दमटपणा असेल तर ती हवा ४५ फॅरनहाइटच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सोडते, आणि हिवाळ्यात शीदिंगच्या फळ्या त्याच्या खूप खाली असतात. चांगली गोष्ट ही की वाफ भिंतीत जाते ती मुख्यतः हवेवर स्वार होऊन, प्लगच्या भोकातून आणि फटींतून, प्लास्टरमधून झिरपून जाणारी त्यामानाने थोडी असते. म्हणजे फटी बुजवल्या आणि पोकळी ठासून भरली की मोठा भाग आपोआप आटोक्यात येतो. उरलेल्यासाठी घरातला दमटपणा हिवाळ्यात ३०-४० टक्क्यांत ठेवायचा, दहा-पंधरा डॉलरचं मीटर मिळतं. इथे आपल्या घरांचा एक खास प्रश्न आहे, आपल्याकडे रोज कुकर लागतो, वरण उकळतं, भात होतो, सणासुदीला तळण चालतं, आणि इथल्या कितीतरी किचनमध्ये चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत तुमच्याच तोंडावर फेकतो. भिंत भरणार असाल तर किचनचा आणि बाथरूमचा पंखा खरोखर घराबाहेर निघतोय ना हे आधी बघा, तो ॲटिकमध्ये सोडलेला असेल तर ते सगळ्यात वाईट, आणि प्लास्टिकचा कागद आतून लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, उन्हाळ्यात एसी चालू असताना बाहेरची दमट हवा आत शिरून त्याच प्लास्टिकच्या मागे पाणी सोडते.

वायरिंग. १९३०-४० च्या आधीच्या घरात नॉब अँड ट्यूब प्रकारचं वायरिंग असू शकतं, म्हणजे दोन सुट्या वायरी एकमेकींपासून लांब, चिनी मातीच्या गुंड्यांवर ताणलेल्या आणि लाकडातून जाताना चिनी मातीच्या नळीतून नेलेल्या. ही वायर गार राहते ती आजूबाजूच्या मोकळ्या हवेमुळे. तिच्याभोवती इन्सुलेशन ठासलं की उष्णता जायला जागा राहत नाही आणि शंभर वर्षांचं जुनं कापडी-रबरी आवरण तापत राहतं, म्हणूनच अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये अशा वायरीभोवती इन्सुलेशन भरायला मनाई आहे. बेसमेंटच्या छताकडे टॉर्च मारून बघा, गुंड्या दिसल्या तर हे वायरिंग आहे असंच समजा, पण नाही दिसल्या म्हणजे भिंतीत नाहीत असं नाही, खालचं वायरिंग बदललेलं आणि वरच्या मजल्याचं तसंच ठेवलेलं अशी घरं पुष्कळ आहेत. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून लेखी घ्या. हा खर्च ऐकून लोक हबकतात, पण हा टप्पा टाळून पुढे जाणं म्हणजे घराला आग लागायची वाट बघणं आहे, यात मी जराही मवाळ बोलणार नाही.

शिसं आणि ॲस्बेस्टॉस (श्वासातून आत गेलं तर घातक ठरणारं तंतुमय खनिज) थोडक्यात. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असणारच असं धरून चाला, भिंतीला भोकं पाडताना धूळ उडते आणि ती रांगणाऱ्या मुलांच्या पोटात जाते. २०१० पासून अशा घरात रंगाला हात लावणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, किंवा राज्याचं सर्टिफिकेट असावं लागतं, ते मागा, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सहा वर्षांखालचं मूल अशा घरात राहत असेल तर राज्याचा वेगळा कायदाही लागू होतो. साइडिंग जर करड्या, ठिसूळ, सिमेंटसारख्या शिंगल्सचं असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याला ड्रिल लावायचं नाही. आणि ॲटिकमध्ये किंवा भिंतीत चमकदार, हलके, सोनेरी-तपकिरी दाणे दिसले तर ते व्हर्मिक्युलाइट, अमेरिकेत वापरलेल्या मालापैकी बराचसा मोंटानातल्या लिबी गावच्या खाणीतून आलाय आणि त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं, खाण १९९० मध्ये बंद झाली पण घराघरांतला माल तसाच आहे. हात न लावता दार बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

एवढं झालं की प्रत्यक्ष काम. साध्या लाकडी घरासाठी माझी पसंती ठासून भरलेल्या सेल्युलोजला आहे, बाहेरून. सेल्युलोज म्हणजे वर्तमानपत्राच्या रद्दीचा भुगा, त्यात बोरेट मिसळलेलं असतं, त्याने आग लवकर धरत नाही आणि किडे, बुरशीही लांब राहतात. कामाच्या दिवशी रस्त्यावर एक ट्रक उभा राहतो, त्यात मशीन, आणि तिथून लांबच लांब होज घरापर्यंत. माणसं शिडीवर चढून साइडिंगची एकेक रांग सोडवतात, मागच्या शीदिंगला दोन-अडीच इंचांचं भोक पाडतात आणि त्यातून एक निमुळती प्लास्टिकची नळी आत सरकवतात, सरकवत सरकवत पोकळीच्या पार टोकापर्यंत. मग मशीन चालू. भुगा आत जायला लागतो, थोड्या वेळाने नळीतला प्रवाह अडतो, मशीनचा आवाज बदलतो, माणूस नळी एक-दीड फूट मागे ओढतो, परत प्रवाह सुरू, परत अडला, परत मागे. अनुभवी माणूस डोळे मिटून आवाजावर काम करतो. शेवटी भोकाला लाकडी बूच ठोकतात आणि साइडिंग परत बसवतात, नीट केलं तर रस्त्यावरून काही कळतसुद्धा नाही.

ठासून म्हणजे किती ठासून, तर घनफुटाला साडेतीन पौंड. हा आकडा लक्षात ठेवा, कारण नुसतं सैल फुंकलेलं सेल्युलोज काही वर्षांत खाली बसतं आणि प्रत्येक पोकळीच्या वर एक रिकामा पट्टा राहतो, शिवाय सैल मालातून हवाही आरपार जाते. साडेतीन पौंडांना ते बसत नाही आणि हवाही बऱ्यापैकी अडवतं. आता हे तपासायचं कसं, भिंत तर बंद आहे. बॅगा मोजायच्या. दोन स्टडमधली साडेचौदा इंच रुंद, साडेतीन इंच खोल, आठ फूट उंच पोकळी म्हणजे साधारण २.८ घनफूट, म्हणजे तिच्यात सुमारे १० पौंड माल गेला पाहिजे. बॅग २५ पौंडांची असेल तर एका बॅगेत अडीच पोकळ्या. घरातल्या पोकळ्या ढोबळ मोजा, भागाकार करा, आणि संध्याकाळी ट्रकमागच्या रिकाम्या बॅगा मोजा, जुने स्टड पूर्ण चार इंची असतील तर माल अजून थोडा जास्तच लागायला हवा. शंभर पोकळ्यांच्या घरात वीसच बॅगा संपल्या असतील तर काम निम्मंच झालंय हे कोणालाही समजावून सांगता येतं, वाद घालायची गरज पडत नाही.

त्याच्या आधी घराचा सांगाडा कुठल्या पद्धतीचा आहे हे माहीत हवं. १९३० च्या सुमारापर्यंतची बरीच घरं बलून फ्रेमिंगची आहेत, म्हणजे स्टड पायापासून थेट ॲटिकपर्यंत सलग, मध्ये मजल्याला अडसर नाही. ॲटिकमध्ये जाऊन बाहेरच्या भिंतीच्या डोक्यावरून टॉर्च खाली मारा, उजेड खोल खोल जात असेल तर बलून. अशा घरात दोन गोष्टी, एक म्हणजे ही उभी पोकळी बेसमेंटमधली गार हवा ॲटिकमध्ये नेते आणि आग लागली तर तीही तशीच वर नेते, त्यामुळे ती ठासून भरण्याचा फायदा दुप्पट. दुसरी, खालून बंद न करता भरायला घेतलं तर माल धो धो बेसमेंटमध्ये पडतो. उलट प्लॅटफॉर्म फ्रेमिंगमध्ये प्रत्येक मजला वेगळा बंद असतो, आणि काही भिंतींत मध्येच आडवी किंवा तिरकी लाकडं असतात, त्यांच्या वर एक भोक आणि खाली एक लागतंच. खिडकीच्या खालची छोटी पोकळी सगळ्यात जास्त विसरली जाते. जोर जास्त लावला आणि आतल्या प्लास्टरची पकड आधीच सुटलेली असेल तर भिंत फुगते, म्हणून काम चालू असताना एकाने घरात राहून भिंतींवर लक्ष ठेवायला हवं.

बाकीचे पर्याय विचारतात लोक. फायबरग्लासच्या गाद्या चांगल्याच, पण त्यासाठी आतलं प्लास्टर उतरवावं लागतं, आणि फक्त इन्सुलेशनसाठी धडधाकट जुनं प्लास्टर तोडणं मला बघवत नाही, शिशाची धूळ वेगळीच. किचन किंवा बाथरूम कुठल्याही कारणाने उघडणारच असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा गाद्या बसवा, मात्र कोपरे दाबून-चेपून बसवू नका. क्लोज्ड सेल स्प्रे फोमची, म्हणजे फवारल्यावर फुगून कडक होणाऱ्या फेसाची, आर-व्हॅल्यू इंचाला सहाच्या वर असते म्हणून मोह होतो, बेसमेंटच्या कडेला तो उत्तम, पण जुन्या लाकडी भिंतीत तो शीदिंगला चिकटून बसतो, फळ्यांना आतल्या बाजूने वाळायची वाटच ठेवत नाही आणि पुढे दुरुस्तीला भिंत उघडणं म्हणजे शिक्षा. साइडिंग तसंही बदलायला झालेलं असेल तर ती सोन्यासारखी संधी आहे, पोकळी भरून घ्या आणि शीदिंगवर बाहेरून एक-दोन इंचांचा इन्सुलेशन बोर्ड सलग लावून मग नवीन साइडिंग, त्याने लाकडी स्टडमधून जाणारी उष्णताही अडते आणि शीदिंगच्या फळ्या उबदार, म्हणून कोरड्या राहतात. खर्च बराच, आणि खिडक्यांभोवतीचं पाणी अडवायचं काम फार बारकाईने करावं लागतं.

विटांच्या घरांना मात्र हे सगळं जसंच्या तसं लावू नका. बॉस्टनच्या साउथ एंड, बॅक बे भागातली घरं भरीव विटांची, पोकळी नाहीच. आतून इन्सुलेशन लावलं की वीट घराच्या उबेला मुकते, हिवाळ्यात ओली आणि गार राहते, तिच्यातलं पाणी गोठून फुगतं आणि विटेचे पापुद्रे उडायला लागतात, आणि मजल्याच्या तुळयांची टोकं जिथे विटेत खुपसलेली असतात तिथे ती आतल्या आत कुजू शकतात. बाहेरून लावायचं तर ऐतिहासिक भागात दर्शनी भिंतीला हात लावायला परवानगी मिळणं कठीण. इथे आधी छप्पर, खिडक्या आणि फटी, आणि भिंतीचं काम बिल्डिंग सायन्स कळणाऱ्या इंजिनिअरने बघितल्याशिवाय नाहीच. ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर अनुभवाला आलंय. तिथल्या सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये घरांना इन्सुलेशन लावायच्या दोन सरकारी योजनांचा अहवाल दिला, त्यात बाहेरून इन्सुलेशन लावलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावीच लागेल असे मोठे दोष निघाले, आतून लावलेल्यांत २९ टक्के. कडा नीट बंद केलेल्या नव्हत्या, पाणी कुठून येईल याचा विचार नव्हता, आणि काम करणाऱ्यांवर देखरेख अपुरी होती. ते वाचून लंडन-लेस्टरकडच्या आपल्या लोकांची काळजी वाटली, कारण तिथली बरीच जुनी घरं भरीव विटांची आहेत.

पैशांचं. मॅसॅच्युसेट्समध्ये गॅस आणि विजेच्या कंपन्या मिळून मास सेव्ह ही योजना चालवतात, घराची तपासणी फुकट, आणि पात्र घरांना इन्सुलेशनवर ७५ टक्के किंवा त्याहून जास्त सूट मिळते, मात्र नॉब अँड ट्यूब, व्हर्मिक्युलाइट, बुरशी असे अडथळे आधी दूर करून दाखवावे लागतात. श्रूजबरी, रीडिंग, वेलस्ली अशा गावांत वीज गावाच्या स्वतःच्या लाइट डिपार्टमेंटची आहे, तिथे त्यांच्याकडे वेगळी चौकशी करा. ३० टक्क्यांची जी फेडरल टॅक्स क्रेडिट, म्हणजे केंद्र सरकारच्या करातली सवलत, होती ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, अजूनही कोणी सेल्समन ती दाखवून कोटेशन गोड करत असेल तर सावध राहा. आणि हीट पंप, म्हणजे घर गरम-गार करणारं विजेचं यंत्र, बसवायचा विचार असेल तर आधी भिंती, मग पंप, कारण भिंती भरल्यावर लहान पंप पुरतो, आधी घेतला तर गरजेपेक्षा मोठा घेऊन बसाल.

काम झाल्यावर दोन तपासण्या राहतात. घर घट्ट झालं की चिमणीने धूर सोडणारा जुना गॅस वॉटर हीटर किंवा बॉयलर उलटा ओढू शकतो, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू घरात, म्हणून त्याची ड्राफ्ट टेस्ट, म्हणजे धूर चिमणीतून वर जातोय ना याची तपासणी, त्याच दिवशी करून घ्यायची आणि प्रत्येक मजल्यावरचे सीओ अलार्म चालू आहेत ना ते बघायचं. दुसरी तपासणी पहिल्या कडक थंडीत, आत-बाहेर निदान १८-२० फॅरनहाइटचा फरक असताना, सूर्य भिंतीवर यायच्या आधी सकाळी, गरम-गार भाग वेगळे दाखवणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने. भरलेली पोकळी आणि सुटलेली पोकळी त्यात इतकी वेगळी दिसते की शंकेला जागाच राहत नाही. एखाद-दुसरी सुटलेली असणारच, त्यासाठी परत येऊन भरून देण्याचं आणि तोवर शेवटचा हप्ता थांबवून ठेवण्याचं कलम कॉन्ट्रॅक्टमध्ये सही करायच्या आधीच लिहून घ्या. चांगला कॉन्ट्रॅक्टर याला नाही म्हणत नाही, आणि मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात तसंही काम सुरू व्हायच्या आधी एक तृतीयांशापेक्षा जास्त रक्कम सहसा मागता येत नाही, खास ऑर्डर देऊन मागवायचा माल तेवढा सोडून.